‘ग’ गुंडाळण्याचा

जगात आळशी माणसाला कुणी विचारत नाही. पण माझा धंदाच असा आहे, की त्यात आळशी माणूस सगळ्यांच्या पुढे जातो! मी प्रोग्रॅमर आहे. एखादं काम दहा बटणं दाबून होत असेल, तर ते एका बटणात कसं होईल यावर मी आनंदाने आठवडा घालवतो. ऑफिसातल्या मशीनवर मी एकवीस शॉर्टकट बांधून ठेवले आहेत. सहकारी माझ्या खुर्चीवर बसतात, दोन मिनिटं धडपडतात आणि उठताना म्हणतात, “तुझ्या मशीनवर बाकी कुणाला काहीच करता येत नाही बुवा!” हे कौतुक आहे, अशी माझी अलीकडेपर्यंत समजूत होती.

तर असा हा हुशार माणूस घरच्यांच्या मदतीला धावला आणि काय झालं, ते सांगतो.

माझी बायको अनुवाद करते. तेव्हा चार महिन्यांपासून ती मधमाश्यांवरचं एक जाडजूड पुस्तक मराठीत आणत होती. आणि माझे सासरे हे निवृत्त मुद्रितशोधक. छापखान्यात चाळीस वर्षं त्यांनी छपाईआधी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. निवृत्त झाले तरी हातातला लाल पेन काही सुटला नाही. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर तपासल्याशिवाय ते औषध घेत नाहीत! मुलीचं पुस्तक तपासायला म्हणून ते चार महिने आमच्याकडेच मुक्काम ठोकून होते.

बाप-लेकीचं भांडण वगैरे काही नाही. पण बोलणंही नाही. “जेवलात?” “जेवलो.” “झोप लागली?” “लागली.” संपलं! बायको सांगते, की लहानपणी ती शाळेत पहिली आली, गुणपत्रिका घेऊन धावत घरी गेली. वडिलांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “शाळेच्या नावात चूक आहे.” तेव्हापासून ती त्यांच्या तोंडून एक ‘छान’ ऐकायची वाट बघते आहे. हसत सांगते, पण वाट बघते आहे हे खरं.

या दोघांना एकाच पुस्तकावर काम करता यावं म्हणून मी घरात व्हर्जन कंट्रोल बसवलं. घाबरू नका! कुणी, कधी, कोणता बदल केला आणि का केला याचा इतिहास ठेवणारी ती एक व्यवस्था असते, एवढंच. काही बदललं, की एक ओळ लिहून ते जतन करायचं. आमच्या धंद्यात त्याला कमिट म्हणतात. सासरे म्हणाले, “म्हणजे नोंद.” तेव्हापासून घरात नोंदच. बायकोचं, सासऱ्यांचं आणि माझं अशी तिन्ही मशीनं मी जोडून टाकली. एकाने नोंद केली, की ती बाकी दोघांकडे आपोआप जायची.

आणि काय सांगू, दोघं लिहायला लागली! सासरे लिहायचे, “पान ४१. अंडी राणीमाशी घालते, कामकरी नव्हे. मूळ पुस्तक पाहावे.” त्याखाली बायकोची नोंद, “पाहिलं. बाबांचं बरोबर.” मग सासरे, “पान ५८. वाक्य लांब आहे. वाचताना धाप लागली.” बायको, “तोडलं. पाणी प्या.” एक जण जेवणाच्या टेबलापाशी, दुसरा गॅलरीलगतच्या खोलीत, मध्ये नऊ पावलांचं अंतर आणि दिवसभर हा संवाद! चार महिन्यांत दोनशे बारा नोंदी झाल्या.

आता कुणीही शहाणा माणूस हे बघून हरखला असता. मला मात्र ती लांबलचक यादी बघून अंगावर काटा यायचा. आमच्या धंद्यात इतिहास कसा स्वच्छ पाहिजे! दहा बारीकसारीक नोंदींची एक नीटनेटकी नोंद करायची, चुकलेली शेवटची नोंद मागे घ्यायची, ही रोजची झाडझूड असते. म्हणून एका रविवारी मी बाह्या सरसावून या कामासाठी तीन शॉर्टकट बांधले. ‘च’ म्हणजे चिकटव. काही राहून गेलं असेल, तर ते शेवटच्या नोंदीलाच चिकटवायचं. ‘म’ म्हणजे मागे. शेवटची नोंद मागे घ्यायची. आणि ‘ग’ म्हणजे गुंडाळ. ‘ग सात’ म्हटलं, की शेवटच्या सात नोंदी गुंडाळून त्यांची एक!

त्यात मी काही सोयीही केल्या. मशीन सारखं विचारतं, “खात्री आहे का?” मी नेहमी ‘हो’च म्हणतो, तर विचारायचं कशाला? काढून टाकलं! काही बिनसलं, की लाल अक्षरात भीतीदायक मजकूर येतो. सकाळी सकाळी कुणाला बघायचाय तो? लपवून टाकला! त्याऐवजी प्रत्येक कामानंतर ‘झालं!’ असा प्रसन्न शब्द उमटेल अशी व्यवस्था केली. नोंदीला मजकूर दिला नाही, तर मशीनने आपणहून ‘किरकोळ’ लिहावं. आणि ‘ग’च्या पुढे आकडा द्यायचा कंटाळा आला तर? तर सगळ्याच नोंदी गुंडाळाव्यात. वा! मी स्वतःचीच पाठ थोपटली.

बायको म्हणाली, “काय करायचं ते कर. माझ्या आणि बाबांच्या नोंदींना हात लावायचा नाही.”

“छे! मी कशाला लावतोय?”

सोमवार उजाडला. संध्याकाळी पाचपर्यंत पुस्तक प्रकाशनसंस्थेच्या संपादकबाईंकडे पोचायचं होतं आणि साडेचारच्या गाडीने सासरे आपल्या घरी परत निघणार होते. मी सुट्टी काढून पुस्तकातले तक्ते सरळ करायला बसलो होतो. त्या भरात माझ्या सात नोंदी झाल्या. “तक्ता सरळ केला.” “तक्ता पुन्हा वाकडा.” “आता सरळ.” “नाही.” “का?” “देवा!” आणि “झाला वाटतं.” यादी वाचणाऱ्याचं माझ्याबद्दल काय मत होईल? विशेषतः सासऱ्यांचं? म्हटलं, कुणी बघायच्या आत सातही गुंडाळून टाकू. चहाचा कप डाव्या हातात होता. उजव्या हाताने ‘ग’ दाबलं आणि सवयीने लगेच एंटरही दाबलं. सात टाइप करायचं राहिलं.

“झालं!” मशीन म्हणालं.

यादी उघडली. यादीत एकच ओळ होती. “किरकोळ.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं! दोनशे बारा नोंदी, चार महिन्यांचा संवाद, “पाणी प्या”, सगळं गुंडाळून एक किरकोळ! पुस्तकाचा मजकूर शाबूत होता, त्यातलं एक अक्षर हललं नव्हतं. पण नोंदी गेल्या होत्या. आणि माझ्या कृपेने ही बातमी बाकी दोन मशीनवर आपोआप पोचलीही होती.

म्हटलं, घाबरायचं नाही. ‘मागे’ आहे ना! ‘म’ दाबलं. “झालं!” यादी बघितली. किरकोळ. पुन्हा ‘म’. “झालं!” किरकोळ. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मशीन दर वेळी सनईवाल्याच्या उत्साहाने “झालं!” म्हणत होतं आणि काहीही होत नव्हतं. एकुलत्या एका नोंदीच्या मागे जाणार कुठे? मशीन बिचारं ते लाल अक्षरात ओरडून सांगत असणार. पण तो मजकूर मीच लपवला होता.

इतक्यात दारात सासरे.

“जावईबापू, कामात आहात?”

“छे छे! म्हणजे हो. म्हणजे या ना!”

“बसत नाही. एक विचारायचं होतं. आज सकाळी मी एक नोंद टाकली आहे. पान दोनशे तीन. तिने वाचली का?”

“वाचली असेल की!”

“असेल नको. आहे की नाही?”

“बघतो.”

“बघा. पण माझं नाव घेऊ नका. वाच म्हणूनही सांगू नका. आपली आपण वाचली, तर ठीक.” ते गेले आणि अर्ध्या वाटेतून परत आले. “गाडीच्या आधी कळलं तर बरं.”

आता ती नोंद मी वाचलेली नव्हती. पण त्यात वाचायचं काय? चार महिन्यांत सासऱ्यांच्या एकूण एक नोंदी चुकांच्याच! आणि माणूस ज्या अर्थी इतका बेचैन आहे, त्या अर्थी दोनशे तीन पानावर भलीमोठी चूक असणार. माझं डोकं भराभर चालायला लागलं. नोंद गेली तर गेली. बायकोने चूक दुरुस्त केली, की नोंदीची गरजच काय? कुणाला काही सांगायला नको, ओरडा खायला नको. इतका सरळ उपाय मला सुचला याचा त्या क्षणी मला अभिमानसुद्धा वाटला!

बायको जेवणाच्या टेबलापाशी होती. समोर मूळ पुस्तक, दोन्ही बाजूंना दोन शब्दकोश.

“जरा पान दोनशे तीन बघतेस?” मी शक्य तितक्या सहज म्हणालो.

“का?”

“असंच.”

“असंच कुणी दोनशे तीन म्हणत नाही. बाबा काही म्हणाले?”

“नाही!”

“म्हणजे म्हणाले. थांब, नोंद बघते.”

मी झेप घेऊन तिच्या स्क्रीनवर हात ठेवला. “यादी नको! यादीचं जरा... काम चाललंय.”

“कसलं?”

“साफसफाई.”

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेखाली मी अकरा वर्षं संसार केला आहे. पण पाचची घाई होती, म्हणून तिने पान उघडलं. जुनी राणीमाशी पोळ्यातल्या अर्ध्या माश्या बरोबर घेऊन घर सोडते, त्या प्रसंगाचं ते पान. तिने ते दोनदा वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

“हे एक पान मला जमलंय असं वाटत होतं,” ती म्हणाली. “तीन दिवस बसले होते यावर. यातसुद्धा चूक?”

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं! पण मी मान डोलावली आणि काढता पाय घेतला. तिने सगळं पान पुसलं आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं. तासाभराने तिची नोंद आली, “पान २०३ नव्याने लिहिले.” मी सुटकेचा श्वास सोडला. प्रकरण मिटलं!

पाचच मिनिटांत सासरे दारात आले. हातात घडी घातलेले शर्ट.

“जावईबापू, साडेचारच्या ऐवजी तीनची गाडी मिळेल का?”

“का हो बाबा? काय झालं?”

“काही नाही. किरकोळ.”

हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला, की मी धावत त्यांच्या खोलीत गेलो. त्यांच्या स्क्रीनवर यादी उघडी होती. यादीत दोनच नोंदी होत्या, “किरकोळ” आणि “पान २०३ नव्याने लिहिले.” आणि दोन्हींपुढे नाव माझ्या बायकोचं!

आता हे कसं झालं, ते सांगायला मला लाज वाटते. गुंडाळलेल्या नोंदीला पहिल्या नोंदीच्या मालकाचं नाव राहतं, असं मीच ठरवलं होतं. नाव टाइप करायचे कष्ट वाचतात! आणि पुस्तकाची पहिली नोंद बायकोची होती. म्हणजे सासऱ्यांना दिसलं ते असं, की लेकीने त्यांचं चार महिन्यांचं म्हणणं पुसलं आणि वर लिहिलं, किरकोळ!

“बाबा, तसं नाहीये. तुम्ही चूक दाखवलीत, तिने ती दुरुस्त केली. त्यात काय एवढं?”

“चूक?” सासऱ्यांनी चष्मा काढला. “चूक आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

“तुमची नोंद...”

“त्या पानात चूक नव्हती. तेच लिहिलं होतं.” त्यांनी शर्ट बॅगेत ठेवला, काढला, पुन्हा घडी घालून ठेवला. “आयुष्यात एकदा लिहिलं. तिने पानच बदलून टाकलं. असू दे. तिचं पुस्तक आहे.”

बायको जन्मभर ज्या ‘छान’ची वाट बघत होती, ते आज सकाळी नऊ पावलांवर येऊन थांबलं होतं आणि मी ते चहा पीत पीत गुंडाळून टाकलं होतं!

घड्याळात पावणेदोन झाले होते. मी गॅलरीत जाऊन ऑफिसातल्या ‘वैद्यां’ना फोन लावला. हे आमचे सर्वांत ज्येष्ठ सहकारी. गेलेल्या फायली परत आणतात म्हणून त्यांचं हे नाव. मी सगळं सांगितलं. पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. हसत होते!

“अरे, काही गेलेलं नाही,” वैद्य म्हणाले. “तू कुठून कुठे गेलास याची मशीन गुपचूप डायरी ठेवतं. महिनाभर तरी ठेवतंच. डायरी उघड, गुंडाळायच्या आधीची जागा शोध आणि तिथे परत जा.”

“कोणता शॉर्टकट दाबू?”

“शॉर्टकट नाही! पूर्ण आज्ञा टाइप कर.”

“पूर्ण?” मला घाम फुटला. “पूर्ण कशी लिहितात?”

सहा वर्षांत मी एकही पूर्ण आज्ञा लिहिलेली नव्हती! मग वैद्यांनी मला, बारा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला, एकेक अक्षर सांगून शुद्धलेखन घातलं. मध्येच मी सवयीने एक अक्षर मारलं, तसं मशीन आनंदाने “झालं!” म्हणालं. “काय झालं?” वैद्य ओरडले. “काही नाही, ते नुसतं म्हणतं,” मी म्हणालो. त्यांनी मला तीनही शॉर्टकट आधी पुसायला लावले. मग डायरी उघडली, जागा सापडली, पूर्ण आज्ञा दिली. आणि दोनशे बारा नोंदी सरसर खाली उतरल्या! पान दोनशे तीनसुद्धा आपोआप जुनं झालं. माझा “देवा!”ही परत आला, पण त्याची आता कुणाला पर्वा होती?

ती नोंद मी शोधून वाचली. मग लॅपटॉप उचलून जेवणाच्या टेबलावर बायकोपुढे ठेवला आणि एका दमात सगळं कबूल केलं. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती वाचत होती.

“पान २०३. तीनदा वाचले. एकही दुरुस्ती नाही. मूळ पुस्तकापेक्षा बरे उतरले आहे. हिला सांगू नये, पुढची पाने घाईत करील.”

तिने डोळे बाहीने पुसले, पुन्हा वाचलं, पुन्हा पुसले. मग म्हणाली, “हे तू गुंडाळलंस?”

“एकाच अक्षरात,” मी म्हणालो. खरं तर गप्प बसायला हवं होतं.

ती उठून वडिलांच्या खोलीत गेली. मी दाराआड उभा राहिलो. हो, राहिलो!

“बाबा.”

“हं.”

“ते पान होतं तसंच ठेवलंय. किरकोळ मी लिहिलं नव्हतं. तुमच्या जावयाने लिहिलं.”

“वाटलंच मला,” सासरे म्हणाले. आत्ता दोन मिनिटांपूर्वीपर्यंत त्यांना हे अजिबात वाटलेलं नव्हतं!

“तीनदा वाचलंत?”

“तपासलं दोनदाच.” बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. “तिसऱ्यांदा नुसतं वाचलं.”

मग सासरे म्हणाले, “तीनची गाडी गेली असेल नाही आता?” दोन वाजून वीस मिनिटं झाली होती आणि स्टँड आमच्यापासून पाच मिनिटांवर आहे. “केव्हाच गेली,” बायको म्हणाली. साडेचारचीही मग तशीच गेली.

चार वाजता पुस्तक रवाना झालं. पावणेपाचला संपादकबाईंचा फोन आला. बायकोने तो स्पीकरवर टाकला. “छानच झालंय हो! फक्त छापताना सोळा-सोळा पानांचा एक फॉर्म धरतात ना, त्या हिशेबात एक पान जास्त होतंय. मी म्हणते, दोनशे तीन काढू या. राणीमाशी घर सोडते ते. वाचकाला कळणारही नाही!”

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. बाप-लेक खांद्याला खांदा लावून एका फोनवर तुटून पडली! “अहो बाई, मी चाळीस वर्षं फॉर्म मोजलेत,” सासरे गरजत होते. “समास कमी करा,” बायको म्हणत होती. “दोन ओळींमधली जागा कमी करा,” सासरे. “सूची बारीक टायपात घ्या,” बायको. “बरोबर बोलते आहे ती!” सासरे. एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, पण इतकं बोलताना मी त्या दोघांना कधी पाहिलं नव्हतं. मला अगदी भरून आलं. आणि भरून आलं, की मी नको ते बोलतो.

“जाऊ द्या ना,” मी म्हणालो, “एकच तर पान आहे!”

दोघांनी बोलणं थांबवून एकदम माझ्याकडे पाहिलं. मी गॅलरीत निघून गेलो.

गेल्या महिन्यात पुस्तक छापून आलं. पान दोनशे तीन दिमाखात जागेवर आहे. आभाराच्या पानावर सासऱ्यांचं नाव आहे, संपादकबाईंचं आहे, इतकंच काय, फोनवर एकदा बोललेल्या वैद्यांचंही आहे. माझं कुठेच नाही. मी तीनदा वाचलं. शेवटी न राहवून सासऱ्यांना विचारलं.

“होता की तुमचा उल्लेख,” ते म्हणाले. “मीच लिहिला होता. पण पानं बसेनात, जावईबापू. म्हटलं, जाऊ द्या ना, एकच तर ओळ आहे!”